अर्जदार की नागरिक?

'लोकसहभाग' म्हटलं की आपण अहिल्यानगरकर अभिमानाने हिवरे बाजारकडे बोट दाखवतो. तिथे ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, जास्त पाणी खाणारी पिकं टाळायची, हे गावाने बसून ठरवलं. त्याच जिल्ह्यातल्या शहरात, सीनेच्या काठाबद्दल किंवा बागेबद्दल आपण काय ठरवतो? काहीच नाही. आपण अर्ज देतो.

हा दोष माणसांचा नाही, रचनेचा आहे. ७३व्या घटनादुरुस्तीने गावातल्या प्रत्येक मतदाराला ग्रामसभेत जागा दिली. ७४व्या दुरुस्तीने तीन लाख वा अधिक वस्तीच्या शहरांना प्रभाग समिती दिली. तिच्यात मुख्यतः नगरसेवकच. २००९ साली महाराष्ट्राने कायद्यात क्षेत्रसभा आणली, पण बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. त्यामुळे डिसेंबर २०२३मध्ये आपल्या महापालिकेची मुदत संपून प्रशासक आला, तेव्हा नागरिकाला बोलायला हक्काची दुसरी जागाच उरली नाही.

झाडं लावायला, झाडू मारायला बोलावणं म्हणजे सहभाग, हे आम्हाला मान्य नाही. बागेवर खर्च किती, तिचं कुलूप कधी उघडायचं, हे तिथे येणाऱ्यांसमोर ठरलं पाहिजे. तेव्हा पुढचा अर्ज एकच करूया: आमच्या क्षेत्रसभेची तारीख सांगा.