वज्रलेप म्हणजे चुना नव्हे

जुन्या देवळांच्या व वाड्यांच्या बांधणीविषयीं लिहितांना बृहत्संहितेंतील वज्रलेपाचा दाखला देण्याचा प्रघात पडला आहे. हा लेप म्हणजे प्राचीनांचा अक्षय चुनाच, अशी समजूत त्यामागें असते. मूळ पाठ पाहतां ती टिकत नाहीं, असें आमचें मत आहे.

वराहमिहिराच्या (इ. स. चें ६ वें शतक) पहिल्या योगांत कच्चें टेंभुर्णीफळ, कच्चें कवठ, सांवरीचीं फुलें, साळईचें बीं, धामणीची साल व वेखंड हीं द्रोणभर पाण्यांत अष्टमांश उरेपर्यंत आटवावयाचीं, मग बोळ, गुग्गुळ, बिब्बे, राळ, जवस, बेल इत्यादि घालून लेप कढत असतांच लावावयाचा. दुसरा योग लाख व राळ यांचा, तिसरा शिंगें व कातडें यांचा. चौथा, वज्रसंघात, ८ भाग शिसें, २ भाग कांसें व १ भाग पितळ यांचा. चारींत चुना नाहीं. 'वज्र' हें नांव द्रव्याचें नसून गुणाचें आहे. तो कोटि वर्षें टिकतो हें वचन तर उघडच स्तुतिपर होय.

घोटाळ्याचें मूळ आमच्या मतें समान जिनसांत आहे. बेल व गूळ चुन्यांतहि पडत. विष्णुधर्मोत्तरांत चित्रभित्तीसाठीं तीन प्रकारची विटांची पूड, तिच्या तृतीयांश माती, गुग्गुळ, मेण व गूळ सांगितलीं आहेत. परंतु तो गिलावा आहे, राळेचा लेप नव्हे. चुन्याची दृढता निराळी : भाजलेली कळी विरवून वाळूसह घाणींत मळली म्हणजे ती हवेंतील कर्बाम्ल वायु शोषून पुन्हां दगड बनते, सुरखी घातल्यास ओलींतहि घट्ट होते. आमच्या किल्ल्यांवरील दगडी घाण्या याच कामाच्या साक्षी आहेत.

हा वाद केवळ शब्दांचा नाहीं. वज्रलेप समजून चुन्याच्या भिंतीस राळ फांसल्यास तिचीं छिद्रें बुजतात, ओल आंत कोंडते व गिलावा सुटतो. म्हणून पोथीसंग्राहकांस आमची विनंति अशी कीं, 'वज्रलेप' हा मथळा पाहून सूचींत 'चुन्याची कृति' अशी नोंद करूं नये. जिनसा, मापें व लेप कशास लावावयाचा हें सर्व उतरून घ्यावें. मथळा लेखकाच्या हौसेचा असूं शकतो. जिनसांची यादी मात्र कामाची असते.