‘फकिरा’तील बंड : शौर्यकथेच्या पलीकडे

अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांचा जन्म वाटेगाव (जि. सांगली) येथे मांग समाजात झाला. शालेय शिक्षणापासून जवळजवळ वंचित राहिलेल्या या लेखकाने वारणेचे खोरे मराठी कादंबरीत आणले. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘फकिरा’ या कादंबरीस १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार लाभला.

नायकाच्या पराक्रमामुळे ही कादंबरी अद्भुतरम्य असल्याचा आक्षेप घेतला जातो. तथापि फकिराचे बंड दुष्काळातील उपासमारीतून आणि ब्रिटिशांनी मांगांवर लादलेल्या हजेरीतून उद्भवते. दक्षिण आफ्रिकेतील पास कायद्यांप्रमाणेच या हजेरीनेही माणसाला जन्मावरून संशयित ठरविले. लुटलेले धान्य फकिरा भुकेल्यांना वाटतो आणि आपली माणसे ओलीस धरली जाताच स्वतःहून शरण जातो. येथे वैयक्तिक शौर्यापेक्षा समूहाविषयीचे उत्तरदायित्व श्रेष्ठ ठरते.

गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला; कलंक मात्र सहजासहजी पुसला गेला नाही. फकिराला केवळ धाडसी दरोडेखोर मानणारे वाचन नकळत त्याच कायद्याची दृष्टी स्वीकारते. म्हणूनच ‘फकिरा’चे मूल्यमापन शौर्यकथा म्हणून नव्हे, तर न्यायाची मागणी करणारी सामाजिक कादंबरी म्हणून होणे आवश्यक आहे.