‘ह्यूमन’ : तंत्र, आकलन आणि करुणा

कलाकृतीत तंत्र वाढले की तिच्यातील भाव आटतो, हा समज आपल्या समीक्षेत इतका रुजलेला आहे की तो सिद्ध करून दाखविण्याची गरजही सहसा कोणास वाटत नाही. ‘तंत्रकौशल्य’ हा शब्द आपण प्रशंसेच्या वाक्यात योजतो खरा. पण त्याच्या पाठोपाठ ‘परंतु’ येणार, हे वाचकाने मनोमन गृहीत धरलेलेच असते. प्रस्तुत लेखात या समजाची परीक्षा एका अशा कलाकृतीच्या आधारे करावयाची आहे, की जिला तो सर्वांत अधिक कठोरपणे लागू व्हावा. ती कलाकृती म्हणजे अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यातील ‘डेथ’ या बँडची १९९१ साली प्रसिद्ध झालेली ‘ह्यूमन’ ही ध्वनिमुद्रिका. आठ रचनांची आणि सुमारे ३४ मिनिटांची ही ध्वनिमुद्रिका तंत्रप्रधान डेथ मेटल या संगीतप्रकाराच्या आद्य कृतींत गणली जाते. प्रस्तुत लेखक तिचा चाहता आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे. मात्र आवड हा समीक्षेचा निष्कर्ष नव्हे; तो तिचा केवळ प्रारंभ होय. आवडीची कारणे देता आली, तरच तिला समीक्षेत स्थान.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. ‘डेथ’चा संस्थापक, गायक, गिटारवादक आणि प्रमुख रचनाकार चक शुल्डिनर हा मुख्यतः स्वशिक्षित वादक होता. त्याची १९८७ मधील पहिली ध्वनिमुद्रिका ‘स्क्रीम ब्लडी गोर’ ही नावाप्रमाणेच रक्त, प्रेते आणि विच्छिन्न शरीरे यांच्या वर्णनांनी भरलेली आहे. १९८८ मध्ये ‘लेप्रसी’ आणि १९९० मध्ये ‘स्पिरिच्युअल हीलिंग’ आली. या तिसऱ्या कृतीत समाजातील प्रश्नांकडे त्याची दृष्टी वळलेली दिसते. त्याच वर्षीच्या युरोप दौऱ्यावर शुल्डिनर गेला नाही, बाकीचे वादक त्याच्यावाचून गेले, आणि तो वृंद मोडला. ‘ह्यूमन’साठी त्याने सर्वस्वी नवे सहकारी निवडले: मायामीच्या ‘सिनिक’ या बँडमधील गिटारवादक पॉल मास्विडाल व ड्रमवादक शॉन रायनर्ट, आणि कॅलिफोर्नियाच्या ‘सेडस’मधील बेसवादक स्टीव्ह डिजॉर्जिओ. मास्विडाल आणि रायनर्ट त्या वेळी जेमतेम २० वर्षांचे होते व जाझ-मिश्रित संगीताचे संस्कार घेऊन आले होते. स्वतः शुल्डिनर २४ वर्षांचा होता. ध्वनिमुद्रण टॅम्पा येथील मॉरिसाउंड या ध्वनिमुद्रणगृहात, स्कॉट बर्न्स याच्या सहकार्याने झाले.

या संगीताशी प्रथमच परिचय होणाऱ्या श्रोत्यास अडते ते गायनापाशी. येथील आवाज गुरगुरल्यासारखा, घोगरा आणि सूरहीन असतो. ‘याला गायन का म्हणावे?’ असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्याचे उत्तर ध्वनिविज्ञानात शोधावे, हे युक्त होय. सामान्य गायनात स्वरतंतूंचे कंपन नियमित असते आणि त्या नियमिततेतूनच तारता, म्हणजे सूर, निर्माण होतो. गुरगुरत्या गायनात मूळ स्वरतंतूंच्या वर असलेल्या आभासी स्वरतंतूंना आणि त्यांच्या परिसरातील स्नायूंना कामास लावले जाते. कंपन अनियमित होते आणि सूर जवळजवळ नाहीसा होतो. परंतु मुखविवराचे अनुनाद कायम राहतात. आ, ई, ऊ यांतील भेद प्रामुख्याने या अनुनादांवर अवलंबून असतो, म्हणून तो पुसला जात नाही. कुजबुजीचे उदाहरण घ्यावे. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, सूर मुळीच नसतो. तरीही कानाशी बोललेले वाक्य आपणांस समजते. तेव्हा या गायनातील शब्द कळत नाहीत, याचे कारण केवळ कंठ नव्हे. ड्रम आणि गिटार यांचा नाद त्याच कंपनक्षेत्रात दाटलेला असतो व शब्दांवर आच्छादन घालतो, हेही होय. त्यातही शुल्डिनरचा उच्चार या प्रकारातील अनेक गायकांच्या तुलनेने स्पष्ट आहे. मुद्रित शब्द समोर ठेवून दोनतीनदा ऐकल्यास ते पुष्कळसे उलगडतात.

मग गमावले काय? गमावली ती सुरावली. प्रश्न, आर्जव, शंका, सांत्वन हे सारे बोलणारा मनुष्य शब्दांइतकेच आवाजाच्या चढउतारांतून व्यक्त करतो. गुरगुरत्या गायनाने ही सर्व साधने स्वेच्छेने टाकून दिलेली असतात. आपल्या विलंबित ख्यालात याच्या नेमके उलट घडते: तेथे शब्द ताणले जाऊन अस्पष्ट होतात आणि सूर सर्वस्व होतो. तराण्यात तर सार्थ शब्दांची फारशी अपेक्षाही नसते. ख्यालातील शब्द कळला नाही म्हणून मैफल सोडून जाणारा रसिक विरळा. म्हणजे शब्द न कळणे हा आपल्या दृष्टीने मुळात दोष नव्हेच. आपणांस खटकते ते सुराचे जाणे. आणि येथे विचारावयाचा प्रश्न असा, की आवाजाने सूर सोडला, तर भावाचा भार कोणी उचलावयाचा?

‘ह्यूमन’मध्ये तो भार रचनेच्या वाक्यविन्यासाने उचलला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या संगीताचा घटक म्हणजे रिफ: गिटारवर पुनःपुन्हा वाजणारी एक लहान, ठाशीव स्वराकृती. आरंभीच्या डेथ मेटलमध्ये अनेक रिफ एकापुढे एक मांडलेले असतात. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर ते संयुक्त वाक्य होय: ‘हे झाले आणि ते झाले आणि आणखी ते झाले.’ प्रत्येक उपवाक्य स्वतंत्र, कोणी कोणाचे अंकित नाही. ‘ह्यूमन’मध्ये या मांडणीचे रूपांतर मिश्र वाक्यात होते. एक रिफ प्रधान ठरतो. दुसरा त्याचे कारण, तिसरा त्याला घातलेली अट, चौथा त्याचा अपवाद असल्यासारखा येतो. हे घडवून आणण्यात रायनर्टच्या ड्रमवादनाचा वाटा फार मोठा आहे. गिटारवर तीच आकृती चालू असता तो खालची चाल बदलतो. क्षणात तीच आकृती दुपटीने धावू लागल्याचा भास होतो, क्षणात ती जड पावलांनी चालते. स्वर तेच, पण त्यांचे कार्य निराळे. रिफ हे जणू प्रातिपदिक आणि ड्रमची लय ही त्याला लागणारी विभक्ती. ‘घर’, ‘घराला’, ‘घरातून’ या रूपांत मूळ शब्द एकच असला तरी वाक्यातील त्याचे नाते पालटते, तसेच येथे होते.

पहिल्या ‘फ्लॅटनिंग ऑफ इमोशन्स’ या रचनेत निःशब्दतेतून हळूहळू जवळ येणारे ड्रम प्रथम ऐकू येतात आणि गिटार मागाहून प्रवेश करतात. लय हीच येथे आधी आणि आकृती नंतर, हे जणू सुरुवातीलाच बजावून सांगितले जाते. ‘लॅक ऑफ कॉम्प्रिहेन्शन’ शांत, स्वच्छ गिटारच्या नादाने सुरू होते आणि मग आघात सुरू होतात. पण ती शांतता श्रोत्याच्या स्मरणात राहते व पुढील आघातांना पार्श्वभूमी पुरविते. ‘कॉस्मिक सी’ या केवळ वाद्यरचनेत मध्यभागी आघात मागे सरतात आणि लांबविलेले, अधांतरी तरंगणारे नाद पुढे येतात. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात मांडलेली संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे या रचनांना विनासायास लावून दाखविता येतील: रिफची आवृत्ती हा संवाद, लयीचा पालट हा विरोध आणि दोहोंना सामावून घेणारी समग्र रचना हा समतोल. परंतु एवढ्यावर थांबल्यास कृतीचा आकार उलगडेल, तिचे मोल उलगडणार नाही. त्यासाठी आशयाकडे वळले पाहिजे.

‘टुगेदर ॲज वन’चा विषय शरीराने जोडलेली जुळी भावंडे हा आहे. ‘सुइसाइड मशीन’मध्ये असाध्य यातना भोगणाऱ्याच्या मरणाचा निर्णय इतरांनी आपल्या हाती ठेवावा काय, हा प्रश्न आहे. ‘सी थ्रू ड्रीम्स’मध्ये दृष्टी नसलेल्या मनुष्याच्या अंतर्दृष्टीचा विचार आहे. या तिन्ही रचनांचा विषय शरीरच आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९८७ मध्येही शुल्डिनरचा विषय शरीर हाच होता. फरक पडला तो पाहण्याच्या स्थानात. पूर्वी शरीर बाहेरून, एक वस्तू म्हणून पाहिले जात होते. आता ते आतून, त्यात कोंडलेल्या मनुष्याच्या बाजूने पाहिले जाते. ध्वनिमुद्रिकेच्या नावाचा अर्थ येथे उलगडतो. प्रेताच्या वर्णनास संयुक्त वाक्य पुरते. तेथे एकापुढे एक तपशील मांडला की काम भागते. दुसऱ्याच्या जागी स्वतःस ठेवून पाहावयाचे, तर ‘जर’, ‘जरी’, ‘तरी’, ‘म्हणून’ यांवाचून भागत नाही. तंत्राची वाढ आणि करुणेचा उदय या दोन गोष्टी एकाच कृतीत एकत्र याव्यात, हा त्यामुळे मला योगायोग वाटत नाही. अर्थात् येथे काटेकोर कार्यकारणभाव सिद्ध झाला, असा दावा नाही. इतकेच म्हणावयाचे आहे की, या आशयाला जुने तंत्र अपुरे पडले असते.

सूरहीन आवाजाचे औचित्यही याच ठिकाणी कळते. हेच विषय आर्त, गोड सुरांत गायिले असते, तर श्रोत्याला कीव आली असती. आणि कीव करणारा नेहमी उंच जागी उभा असतो. ज्या आवाजात आर्जव करण्याची शक्तीच उरलेली नाही, तो आपणांस कीव करू देत नाही. तो केवळ वस्तुस्थिती समोर ठेवतो आणि तिच्याशी झगडण्याचे काम आपल्यावर सोपवितो. मग गिटारच्या एकल वादनात, मोजक्या जागी, सूर परत येतो तेव्हा त्याची किंमत शतगुणित झालेली असते.

येथे दुर्बोधतेच्या आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. मराठीत मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहानंतर या आक्षेपाची जी चर्चा झाली, तिच्यातून एक भेद आपण शिकलो आहोत, किंवा शिकावयास हवा होता: जे कळत नाही ते आणि ज्यात कळण्यासारखे काही नाही ते, या दोन भिन्न गोष्टी होत. अमेरिकेत या संगीताच्या बाबतीत हा भेद पुष्कळदा विसरला गेला. १९८५ मध्ये तेथील सिनेटच्या समितीपुढे गीतांतील आक्षेपार्ह मजकुरावर सुनावणी झाली. १९९० मध्ये नेवाडा राज्यातील रीनो येथे ‘जूडास प्रीस्ट’ या ब्रिटिश बँडवर, त्याच्या ध्वनिमुद्रिकेतील छुप्या संदेशाने दोन तरुणांना आत्मघाताकडे नेले, असा आरोप ठेवून दिवाणी खटला चालला आणि न्यायालयाने तो फेटाळला. ‘लॅक ऑफ कॉम्प्रिहेन्शन’, म्हणजे ‘आकलनाचा अभाव’, ही रचना अशाच वातावरणातील आहे. स्वतःच्या घरातील उणिवा झाकण्यासाठी न कळणाऱ्या गोष्टीवर दोष ढकलणारी वृत्ती हा तिचा विषय. गंमत अशी की, ज्या आवाजात हे म्हटले आहे तो आक्षेपकांना कळणारच नाही असा आहे. हा विरोध कवीने हेतुतः साधला असेल वा नसेल, पण कृतीत तो आहे आणि बोचणारा आहे.

कृती निर्दोष आहे असे मुळीच नाही. मूळ ध्वनिमिश्रणात डिजॉर्जिओचा बेस इतका दबलेला आहे की त्याची उपस्थिती अनेक ठिकाणी अनुमानानेच जाणावी लागते. जिम मॉरिस याने नव्याने केलेले मिश्रण २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा कोठे ती उणीव बऱ्याच अंशी दूर झाली. शब्दरचनाही सर्वत्र संगीताच्या तोलाची नाही; अमूर्त नामांची रास करण्याची सवय शुल्डिनरला होती, आणि ‘व्हेकंट प्लॅनेट्स’सारख्या रचनेत कल्पना वादनाच्या मानाने विरळ राहते. शिवाय या कृतीने मोकळ्या केलेल्या वाटेने पुढे जे आले, त्यात वेग व गुंतागुंत हेच साध्य मानणारे वादक पुष्कळ निघाले. विशेषणांची माळ ओवली म्हणून वाक्य मिश्र होत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले नाही. तंत्राविषयीचा आपला संशय सर्वस्वी निराधार नाही, तो यामुळेच. परंतु कॅनडातील ‘गॉर्गट्स’च्या ‘ऑब्स्क्युरा’सारख्या (१९९८) कृतीत नव्या आशयासाठी नवे व्याकरण घडविण्याचा मूळ प्रयत्न वेगळ्या दिशेने पुढे चालू राहिला, हेही नमूद केले पाहिजे.

शुल्डिनर २००१ मध्ये मेंदूच्या अर्बुदाने, वयाच्या ३४ व्या वर्षी वारला. रायनर्टचे निधन २०२० मध्ये झाले. त्यांच्या कृतीचा आपल्या अभ्यासाशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विद्यार्थी विचारील, तर त्याचे उत्तर असे: वाक्यविन्यास हा केवळ शब्दांचा धर्म नव्हे. गौण आणि प्रधान, अट आणि अपवाद यांची नाती जेथे जेथे रचता येतात, तेथे तेथे दुसऱ्याच्या दृष्टीने पाहण्याची सोय निर्माण होते. तंत्राने भाव आटतो की वाढतो, हा प्रश्नच त्यामुळे सदोष ठरतो. त्या तंत्राने कोणाच्या जागी उभे राहता आले, हा प्रश्न विचारला पाहिजे. ‘ह्यूमन’पुरते त्याचे उत्तर तिच्या नावातच दिलेले आहे.