गुलाबी रंग गेला कुठे?

रसायनशास्त्राच्या प्रयोगांसाठी 'मिश्र वास्तव' हे तंत्र वापरावे, असा आग्रह अलीकडे ऐकू येतो. ही संज्ञा मिलग्रॅम व किशिनो यांच्या १९९४ सालच्या लेखामुळे रूढ झाली. आभासी वास्तवात भोवतालचे जग झाकले जाते; मिश्र वास्तवाच्या चष्म्यातून समोरच्या खऱ्या टेबलावरच संगणकाने रेखाटलेले ब्युरेट दिसते. काच फुटत नाही, आम्ल अंगावर उडत नाही. मग हरकत कोणती?

एक साधे अनुमापन घेऊ. शंकुपात्रात ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल १० मिलिलिटर व फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब. ब्युरेटमध्ये तितक्याच तीव्रतेचे सोडियम हायड्रॉक्साइड. उदासिनीकरण पूर्ण झाल्यावर पडलेला एकच जादा थेंब, म्हणजे सुमारे ०.०५ मिलिलिटर, सामू ७ वरून १० च्या पुढे नेतो व द्रावण गुलाबी होते. हा थेंब वेळेवर अडवायला तोटीवरचा हात तयार व्हावा लागतो. हवेत बोटे हलवून तो तयार होत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. फिकट गुलाबी झालेले द्रावण उघडे ठेवले, तर काही वेळाने रंग जातो, कारण हवेतील कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. विद्यार्थी विचारतो, 'रंग गेला कुठे?' तिथून खरे रसायनशास्त्र सुरू होते. संगणकाच्या आज्ञावलीत मात्र जेवढे घातले तेवढेच घडते. त्यात हवा घालायची राहिली, तर रंग वर्षभर टिकेल आणि कोणाला शंकाही येणार नाही.

म्हणून हे तंत्र टाकाऊ आहे, असे आम्ही म्हणत नाही. हायड्रोजन व हायड्रॉक्साइड आयनांचा संयोग डोळ्यांना दिसत नाही. तो खऱ्या शंकुपात्राशेजारी दाखवता आला, तर स्वागतच आहे. सोडियमचा मोठा तुकडा पाण्यात टाकणे तर चष्म्यातच बरे. आम्हांला भीती वाटते ती प्रयोगशाळेला कुलूप लावायला सबब मिळण्याची. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स २ या चष्म्याची किंमत २०१९ साली ३,५०० डॉलर होती. २०२४ मध्ये त्याचे उत्पादनच थांबले. नीट धुऊन ठेवलेले काचेचे ब्युरेट मात्र वर्षानुवर्षे चालते.

उद्या असा संच घेऊन कोणी शाळेत आले, तर शिक्षकांनी एवढेच विचारावे: यातला गुलाबी रंग किती वेळ टिकतो?