त्रुटिपृष्ठाची भाषा : सौजन्य आणि सत्य

इंटरनेटवर मागितलेले पान न सापडल्यास वाचकापुढे जो मजकूर येतो, त्यास त्रुटिपृष्ठ म्हणता येईल. वाङ्मयविचाराच्या कक्षेत तो सहसा येत नाही. तथापि लेखनप्रकार म्हणून त्याची चिकित्सा होणे अगत्याचे आहे. कारण तो एकाच वेळी दोन वाचकांस उद्देशून असतो. शब्द माणसासाठी असतात. त्यांच्यापुढे धाडलेला तीन अंकी संकेत यंत्रासाठी असतो. ४०४ म्हणजे पान आढळले नाही, ४१० म्हणजे ते बहुधा कायमचे गेले, ५०० म्हणजे दोष सर्व्हरचाच.

सर्व्हरचे मूळचे वाक्य रूक्ष असते. यास्तव अपाची या प्रणालीत ‘एररडॉक्युमेंट’ या आज्ञेने स्वतःचे पान योजता येते. तीत त्याच सर्व्हरवरील स्थानिक मार्ग दिल्यास शब्द बदलतात, संकेत कायम राहतो. परंतु यजमाननामासह संपूर्ण पत्ता दिल्यास ब्राउझर अन्यत्र वळविला जातो आणि मूळ ४०४ त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. एन्जिनएक्समध्ये तर आज्ञेत एक बरोबरीचे चिन्ह व नवा अंक घालून ४०४ चे २००, म्हणजे ‘सर्व ठीक’, करता येते.

माणसास ‘क्षमस्व’ म्हणावयाचे आणि यंत्रास ‘सर्व ठीक’ सांगावयाचे, हे सौजन्य नव्हे. हा दुटप्पीपणा होय. शोधयंत्रांच्या परिभाषेत त्यास ‘सॉफ्ट ४०४’ असे सौम्य नाव आहे. परिणाम मात्र सौम्य नाही. नष्ट झालेले पान जिवंत गणले जाण्याचा संभव निर्माण होतो, आणि प्रबंधातील तुटलेला संदर्भ केवळ संकेत पाहणाऱ्या तपासणीत शाबूत ठरतो.

केवळ विनोदावर व चित्रावर विसंबलेली पृष्ठेही याच कसोटीवर उणी पडतात. २०२२ च्या एचटीटीपी मानकाची अपेक्षा अशी की, त्रुटीचे स्पष्टीकरण द्यावे आणि ती तात्पुरती की कायमची हेही सांगावे. विनोदाने क्षणभर मन रमते. पण थांबावे की अन्यत्र शोधावे, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

याउलट २०१६ मध्ये मानकात आलेला ४५१ हा संकेत लक्षणीय आहे. रे ब्रॅडबरी यांच्या १९५३ च्या ‘फॅरनहाइट ४५१’ या ग्रंथदहनाच्या कादंबरीची तो आठवण देतो. कायदेशीर कारणाने पान नाकारले आहे, हे तो सांगतो. ‘आढळले नाही’ या शब्दांआड बंदी लपवीत नाही.

तात्पर्य, त्रुटिपृष्ठाचे सौंदर्य त्याच्या सजावटीत नाही. शब्द आणि अंक यांनी दोन्ही वाचकांस एकच सत्य सांगावे, हाच त्याचा पहिला गुण होय.