दोन अक्षरांमधला वेळ

संगणकापुढे बसलेला माणूस स्वतःला जो म्हणवतो, खरोखर तोच आहे का, हे त्याच्या टायपिंगच्या लयीवरून सांगता येईल? कॅलिफोर्नियात सांता मोनिका इथल्या रँड कॉर्पोरेशनने १९८० साली प्रसिद्ध केलेला एक अहवाल एवढाच प्रश्न घेऊन बसतो. लेखक चौघे: स्टॉकटन गेन्स, विल्यम लिसोव्स्की, जेम्स प्रेस आणि नॉर्मन शापिरो. विषय तांत्रिक आहे, तरी या अहवालाची रचना मला फार देखणी वाटते.

प्रयोग साधा. सात व्यावसायिक टंकलेखकांना एक गद्य उतारा टाइप करायला दिला आणि एका कळीपासून पुढच्या कळीपर्यंत गेलेला वेळ संगणकाने टिपला. चार महिन्यांनी तीच माणसे, तोच उतारा. या चार महिन्यांत अहवालाचा प्राण आहे, असे मला वाटते. एकाच बैठकीत दोघांच्या हातांत फरक दिसला तर त्यात नवल नाही. त्या दिवशीचा थकवा, मनःस्थिती, खुर्चीची उंची, कशानेही तो पडू शकतो. पण मधे इतका काळ लोटल्यावरही बोटे आपल्या जुन्याच चालीवर येतात का, हे पाहिल्याशिवाय ओळखीची भाषा करता येत नाही. लेखकांनी ती घाई केली नाही.

मग निवड येते. उताऱ्यातल्या असंख्य अक्षरजोड्या चाळून शेवटी पाचच हाती उरतात: आय-एन, आय-ओ, एन-ओ, ओ-एन, यू-एल. या पाच जोड्या एकत्र घेतल्या की सातही जण वेगळे ओळखता येतात. इंग्रजी कळफलक डोळ्यांपुढे आणा. ही सगळी अक्षरे उजव्या हाताची आहेत. दोन्ही हात आलटून पालटून चालतात तेव्हा एक बोट दाबत असताना दुसऱ्या हाताचे बोट आधीच तयार असते. एकाच हाताच्या दोन बोटांना मात्र एकमेकांची वाट पाहावी लागते, आणि त्या वाट पाहण्यात माणूस उघडा पडतो, असा मी त्याचा अर्थ लावतो. ‘एन-ओ’ आणि ‘ओ-एन’ या जोड्या वेगळ्या मोजल्या आहेत, हे तर मला विलक्षण वाटते. अक्षरे तीच, कळा त्याच. पण जाण्याची वाट आणि परतीची वाट बोटांना सारखी नसते.

उतारा काय सांगतो, याच्याशी या वाचनाला कर्तव्यच नाही. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे बिनतारी संदेश ऐकणारेही असेच ऐकत. मजकूर गुप्त लिपीत, उलगडत नसलेला, तरी मोर्सच्या ठोक्यांवरून पलीकडचा प्रेषक कोण, हे सरावलेला कान सांगे. कानाची ती जाण इथे मोजमापात उतरली.

लेखकांचा संयम शीर्षकापासूनच दिसतो; आपले निष्कर्ष ते प्राथमिक म्हणवतात, आणि ओळख पटवण्याची पद्धत यावर उभी राहू ‘शकेल’ इतकेच म्हणतात. तो संयम रास्त होता. सातही जण कसलेले टंकलेखक होते. दोन बोटांनी चाचपडणारा त्यांत कोणी नव्हता. २००९ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या किलोरी आणि मॅक्शन यांनी ५१ जणांकडून एकच पासवर्ड प्रत्येकी ४०० वेळा टाइप करून घेतला आणि चौदा पद्धती ताडून पाहिल्या. त्यांतल्या सर्वांत सरस पद्धतीचाही समान-त्रुटी दर ९.६ टक्के निघाला. म्हणजे शंभरातले जवळपास दहा तोतये आत येणार आणि तितक्याच वेळा खरा माणूस दाराबाहेर राहणार.

मराठी वाचक म्हणून मी त्या पाच जोड्यांपाशी पुन्हा थांबतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. ‘का’ किंवा ‘ती’ लिहिताना हात बदलतो. ‘कर’ आणि ‘तर’ मात्र उजव्या हातालाच उरकावे लागतात. आपली बोटे ओळखायची तर शोध अशाच जोड्यांपासून सुरू करावा लागेल.