‘कॅश उडव, होऊन जाईल’: या सल्ल्यात खरं किती?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलावर संशोधन करायचं ठरवत असाल, तर तुमच्याकडे सगळ्यात जास्त साठणार ते कॅमेरा ट्रॅपचे फोटो. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. फोटो आले ३,४८,५८,६२३ आणि त्यात वाघाचे फक्त ७६,६५१. बाकी इतर प्राणी, गुरं, माणसं आणि वाऱ्यावर हलणारं गवत. तुमच्या छोट्या प्रकल्पातही हेच होणार: कार्ड रिकामं करा, निरुपयोगी फोटो पुसा, पुन्हा भरा.

अशी डिस्क लिनक्सवर बीटीआरएफएस फाइलसिस्टमची असेल, तर कधीतरी मोकळ्या जागेच्या कॅशबद्दल इशारा दिसतो. मग लॅबमधला कोणीतरी सीनियर म्हणतो, ‘क्लिअर_कॅश टाक, होऊन जाईल.’ हा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. आणि फोटो दोन हंगामांचे असतील तर अर्धवट सल्ला महागात पडतो.

आधी ही कॅश म्हणजे काय ते बघू. मोहर्लीच्या एखाद्या लॉजची कल्पना करा. कोणत्या खोलीत कोण उतरलंय हे रजिस्टरमध्ये आहे. काउंटरवर एक पाटी आहे, तिच्यावर फक्त रिकाम्या खोल्या. पाटी पुसली गेली तर रजिस्टर वाचून नवी लिहिता येते, थोडा वेळ जातो इतकंच. पण पाटीवर भरलेली खोली रिकामी म्हणून लिहिली असेल, तर एकाच खोलीत दोन पाहुणे. डिस्कवर याचा अर्थ जुन्या फोटोवर नवा फोटो. बीटीआरएफएसमध्ये एक्स्टेंट ट्री हे रजिस्टर आणि कॅश ही पाटी.

आता डिझाइनकडे. कॅशची पहिली आवृत्ती कर्नल २.६.३७ मध्ये आली. तिच्यात प्रत्येक ब्लॉक ग्रुपची पाटी एका लपलेल्या फाइलमध्ये, म्हणजे लॉजच्याच खोल्यांमध्ये ठेवलेली. अनेक टेराबाइटच्या डिस्कवर या पाट्या पुन्हापुन्हा लिहिणं जड जातं. कर्नल ४.५ मध्ये दुसरी आवृत्ती आली, फ्री स्पेस ट्री. तिने पाटी रजिस्टरच्याच बांधणीत, त्याच चेकसमच्या संरक्षणात आणली. माझ्या मते हा मुळातला उपाय. पण बीटीआरएफएस-प्रोग्जच्या ५.१५ आवृत्तीपर्यंत नवी डिस्क फॉरमॅट करताना तो आपोआप लागू होत नव्हता, त्यामुळे जुन्या डिस्कवर अजून पहिली आवृत्ती सापडते. माउंटच्या यादीत ‘स्पेस_कॅश=व्ही२’ दिसतंय का, ते आधी बघा.

आता सल्ल्याची परीक्षा. इशारे तीन प्रकारचे असतात आणि आपण ते एकाच पोत्यात भरतो.

पहिला: अमुक ब्लॉक ग्रुपची कॅश लोड झाली नाही, पुन्हा बांधतोय. वीज गेल्यावर किंवा डिस्क तशीच ओढून काढल्यावर हा दिसू शकतो. कर्नलला पाटी जुनी वाटली, त्याने ती टाकून दिली. म्हणजे सीनियर जे करायला सांगतोय ते कर्नल आधीच करतोय! हा इशारा एकदाच आला तर काही करू नका. दर वेळी येत असेल तरच कॅश साफ करा. पण इथे एक खोच आहे. पहिल्या आवृत्तीत ‘क्लिअर_कॅश’ने माउंट केलं, तर त्या काळात बदललेल्या ब्लॉक ग्रुपचीच पाटी साफ होते. पूर्ण साफ करायची तर डिस्क अनमाउंट करून ‘बीटीआरएफएस चेक’च्या ‘क्लिअर-स्पेस-कॅश व्ही१’ पर्यायाने करावी लागते. हे न सांगता दिलेला सल्ला ‘केलं, पण फरक नाही’ इथेच संपतो.

दुसरा: डीएफ जागा दाखवतो, तरी ‘जागा शिल्लक नाही’. इथे बहुतेक वेळा कॅशचा दोष नसतो. निरुपयोगी फोटो पुसल्यावर डेटाचे ब्लॉक ग्रुप अर्धे रिकामे राहतात, पण डेटाच्याच नावावर राहतात. मेटाडेटाला नवा तुकडा हवा असतो, तो मिळत नाही. ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टम युसेज’ चालवा, अनअलोकेटेड जवळजवळ शून्य दिसेल. उपाय बॅलन्स, तोही कमी भरलेल्या ब्लॉक ग्रुपपुरता. पाटी कितीही पुसली तरी खोली वाढत नाही.

तिसरा: ‘पॅरेंट ट्रान्सआयडी व्हेरिफाय फेल्ड’. इथे रजिस्टरच बिघडलंय. लिहिण्याचा जो क्रम डिस्कने पाळायला हवा, तो तिने किंवा तिच्या यूएसबी डब्याने पाळला नसण्याची शक्यता असते. आता कॅशला हात लावून उपयोग नाही आणि ‘रिपेअर’ तर घाईत चालवूच नका. आधी डिस्क रीड-ओन्ली माउंट होते का बघा. झाली तर फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवा. वाचायला मोकळ्या जागेची पाटी लागतच नाही. प्रयोग त्यानंतर.

तेव्हा सल्ला देणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: आपण जे पुसतोय ती मूळ नोंद आहे की मूळ नोंदीवरून काढलेली? काढलेली असेल तर बिनधास्त पुसा. मूळ असेल तर दुसरी प्रत हातात येईपर्यंत थांबा. संशोधनात हा प्रश्न फाइलसिस्टमपुरता राहत नाही. कार्डावरचा फोटो मूळ आहे, एक्सेलमधली ‘वाघ: १’ ही नोंद काढलेली. एक्सेल बिघडली तर पुन्हा भरता येते, अंधारीच्या काठी त्या रात्री आलेला वाघ पुन्हा बोलावता येत नाही.